करंट लावला की मूल चालेल?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



हातापायांच्या हालचालींत अडचण असलेल्या मुलाला घेऊन आईवडील फिजिओथेरपी विभागात पहिल्यांदा येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलाला तपासून होतं, व्यायाम दाखवून होतात, घरी काय करायचं ते सांगून होतं. मग वडील जरा घुटमळतात आणि विचारतात, ‘‘मशीन लावणार ना?’’ एखादी आजी तर स्पष्टच म्हणते, ‘‘व्यायाम काय, घरी मालिश करतोच की आम्ही. करंट लावायचा म्हणून एवढ्या लांब आणलंय पोराला.’’

या प्रश्नाला हसण्याचं कारण नाही. विजेचा उपयोग करून मुलांच्या हालचाली सुधारता येतात का, हा जगभरच्या प्रयोगशाळांत गंभीरपणे अभ्यासला जाणारा विषय आहे. काही बाबतींत उत्तर ‘हो’ आहे, काही बाबतींत ‘नाही’ आहे आणि बऱ्याच बाबतींत ‘अजून पाहावं लागेल’ असं आहे. अडचण अशी, की ही तिन्ही उत्तरं आईवडिलांपर्यंत सारखीच पोचत नाहीत. जाहिरातीतून फक्त ‘हो’ पोचतं. म्हणून आज या विषयाकडे जरा सविस्तर पाहू.

मी मुख्यतः बोलणार आहे ते सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांबद्दल. मराठीत याला आपण मेंदूचा पक्षाघात म्हणतो. गर्भात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, वाढत्या मेंदूला इजा झाली तर हालचालींवर आणि शरीराच्या तोलावर कायमचा परिणाम होतो. अपुऱ्या दिवसांचा जन्म, फार कमी वजन, जन्मताना प्राणवायू कमी पडणं, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर अशी त्याची अनेक कारणं आहेत. हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांना हा त्रास होतो. मान उशिरा धरणं, वेळेवर न बसणं, एकाच हाताने खेळणं, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येणं, टाचा न टेकता चवड्यांवर चालणं, ही त्याची ओळखीची लक्षणं. प्रत्येक मूल मात्र वेगळं. एखाद्याचा फक्त एक हात जरा मागे असतो, तर एखाद्याला कुशीवर वळायलाही मदत लागते.

लंडनचे अस्थिशल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या मुलांचं पहिलं नीटस वर्णन केलं आणि त्याचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. पुढे १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी वेगळी शंका मांडली. होय, मनोविश्लेषणाचे तेच फ्रॉइड. ते मुळात मज्जासंस्थेचे डॉक्टर होते. त्यांचं म्हणणं असं, की काही मुलांत बिघाड आधी गर्भातच झालेला असतो आणि अवघड बाळंतपण हा त्याचाच परिणाम असू शकतो. नंतरच्या संशोधनाने त्यांच्या या शंकेला बराच आधार दिला. हे मुद्दाम सांगतेय. आपल्याकडे अजूनही सगळा दोष आईच्या माथी मारला जातो. ‘हिने दिवसांत काळजी घेतली नाही’, ‘हिने नीट कळा दिल्या नाहीत’ असं घरातलेच बोलतात. निदान सुशिक्षित घरांतून तरी हे बोलणं आता थांबायला हवं.

आता विजेकडे वळू. वीज आणि स्नायू यांचं नातं माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर आणि संधिवातासारख्या दुखण्यावर चक्क विजेचा धक्का देणारा मासा वापरायला सांगत असे. इटलीतल्या बोलोन्याच्या गॅल्वानींनी बेडकाच्या पायांवर केलेले प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. मेलेल्या बेडकाचा पाय विजेच्या स्पर्शाने उडतो, हे वाचून सगळा युरोप थक्क झाला. पुढे १८०० मध्ये व्होल्टांनी विजेची बॅटरी बनवली. त्यानंतर अर्ध्या शतकाने फ्रान्समध्ये ड्युशेन या डॉक्टरांनी त्वचेवर ओलसर टोकं टेकवून एकेक स्नायू स्वतंत्रपणे हलवून दाखवला. कातडी न कापता आणि सुई न टोचता. आज आम्ही जे ‘पॅड’ लावतो त्याचं मूळ तिथे आहे.

वीज लावली की स्नायू का हलतो? कारण आपल्या शरीराची स्वतःची भाषाच विजेची आहे. पाय उचलायचा असं मेंदूने ठरवलं, की तो आदेश विजेच्या सूक्ष्म स्पंदनांच्या रूपाने पाठीच्या कण्यातून खाली येतो, तिथून मज्जातंतूतून स्नायूपर्यंत पोचतो आणि स्नायू आखडतो. बाहेरून त्वचेवर योग्य जागी तसंच स्पंदन दिलं, तर मज्जातंतूला ते कुठून आलं हे कळत नाही. तो आपलं काम करतो.

इथे चाणाक्ष श्रोत्यांच्या मनात एक म्हण येईल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! इजा मेंदूत आहे आणि करंट पायाला लावता, यात काय अर्थ? शंका अगदी रास्त आहे. या मुलांचा मज्जातंतू आणि स्नायू मुळात शाबूत असतात. बिघाड आदेशात असतो. काही स्नायूंना नको तेवढे आदेश मिळतात, ते ताठर होतात. त्यांच्या विरुद्ध बाजूच्या स्नायूंना पुरेसे आदेश मिळत नाहीत, ते दुबळे राहतात. पोटरी घट्ट आणि नडगीच्या पुढचा, पाऊल वर उचलणारा स्नायू दुबळा, अशी जोडी जमली की मूल चवड्यावर चालतं. ताठरपणा डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात. दुबळेपणा दिसत नाही, पण चालताना दमवतो तोच.

करंटचा पहिला उपयोग या दुबळ्या स्नायूला कामाला लावण्यासाठी. त्वचेवर दोन चिकट पॅड लावतात. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्रातून सेकंदाला साधारण वीस ते पन्नास स्पंदनं जातात. प्रत्येक स्पंदन सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांइतकं, म्हणजे दोनशे-तीनशे मायक्रोसेकंदांचं असतं. मुलाला आधी मुंग्या आल्यासारखं वाटतं. करंट हळूहळू वाढवला की पाऊल आपोआप वर येतं, काही सेकंद राहतं आणि खाली जातं. मग विश्रांती, मग पुन्हा. पहिल्यांदा मुलं घाबरतात. म्हणून आम्ही आधी आईच्या किंवा बाबांच्या हाताला पॅड लावून दाखवतो. बाबांची बोटं आपोआप हलताना पाहून पोरं खदखदून हसतात आणि मग स्वतःच पाय पुढे करतात.

याने स्नायूला व्यायाम होतो. शिवाय दुसरी एक गोष्ट होते. पाऊल वर उचललं जाणं म्हणजे नेमकं कसं लागतं, याची जाणीव मेंदूकडे परत जाते. काही मुलांनी ही जाणीव तोपर्यंत नीट अनुभवलेलीच नसते. त्याच क्षणी मुलाने स्वतःही पाय उचलायचा प्रयत्न केला, तर प्रयत्न आणि परिणाम यांची सांगड बसते. म्हणून करंट चालू असताना मूल मोबाइलवर कार्टून बघत आडवं पडलं असेल, तर अर्धा फायदा वाया जातो. ‘‘आता उचल हं, आता! चेंडूला लाथ मार!’’ असं खेळवत केलं तर त्याला अर्थ आहे.

या पद्धतीची एक मर्यादाही आहे. आपण स्वतःहून स्नायू वापरतो तेव्हा शरीर आधी बारीक, चिवट, न थकणाऱ्या तंतूंना कामाला लावतं आणि गरज पडली तरच मोठ्या, जोरकस पण लवकर दमणाऱ्या तंतूंना बोलावतं. बाहेरचा करंट मात्र बऱ्याचदा मोठ्या तंतूंनाच आधी जागं करतो. त्यामुळे स्नायू लवकर थकतो. म्हणून मधे विश्रांती देणं आणि वेळ बेताचा ठेवणं गरजेचं असतं. ‘जास्त वेळ लावला तर जास्त गुण येईल’ हा हिशेब इथे चालत नाही.

याच कल्पनेचं पुढचं पाऊल म्हणजे प्रत्यक्ष चालताना करंट देणं. १९६१ मध्ये अमेरिकेत लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी एक युक्ती केली. बुटाच्या टाचेत त्यांनी एक बटण बसवलं. टाच जमिनीवरून उचलली की करंट सुरू होतो, गुडघ्याखालच्या मज्जातंतूला स्पंदन मिळतं आणि पाऊल वर येतं. टाच टेकली की करंट बंद. आज अशी यंत्रं पट्ट्यासारखी गुडघ्याखाली बांधता येतात आणि पायाचा कोन ओळखून आपोआप चालू-बंद होतात. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे एका बाजूने बाधित असलेल्या ३२ मुलांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांनी आठ आठवडे रोज काही तास, घरी आणि शाळेत हे यंत्र वापरलं. पाऊल उचलणं सुधारलं, पाय घासटणं आणि पडणं कमी झाल्याचंही नोंदवलं गेलं. पण लक्षात घ्या, ही सगळी मुलं आधीपासून चालणारी होती. त्यांचं चालणं सुधारलं. न चालणारं मूल या यंत्राने चालू लागलं, असा त्याचा अर्थ नाही.

आता एक वेगळी कथा सांगते. ती मला फार महत्त्वाची वाटते. गेल्या शतकाच्या शेवटच्या काळात कॅनडात एक पद्धत पुढे आली. मूल रात्री झोपलेलं असताना, स्नायू हलणारही नाही इतका सौम्य करंट तासन् तास द्यायचा. त्याने रक्तपुरवठा वाढेल, झोपेत वाढीची संप्रेरकं स्रवतात त्यांचा फायदा स्नायूला मिळेल, असा तर्क होता. कल्पना आकर्षक होती. रडारड नाही, शाळा बुडत नाही, रात्री पॅड लावा आणि झोपा. सुरुवातीच्या बातम्याही उत्साहवर्धक होत्या. अनेक देशांत आईवडिलांनी ही यंत्रं घेतली.

मग काटेकोर परीक्षा झाली. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००१ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. तीच मुलं काही महिने उपचार घेत होती आणि काही महिने घेत नव्हती. बहुतेक आईवडिलांना उपचाराच्या काळात मुलात सुधारणा जाणवली. पण मुलांच्या हालचालींच्या चित्रफिती जेव्हा तज्ज्ञांना, उपचार कधी चालू होता हे न सांगता, दाखवण्यात आल्या, तेव्हा त्यांना लक्षणीय फरक सापडला नाही. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये डेन्मार्कचा अभ्यास आला. त्यात ५७ मुलं होती आणि वर्षभर उपचार होता. काहींना खरं यंत्र, काहींना हुबेहूब तसंच दिसणारं पण करंट न देणारं यंत्र. कोणाकडे कुठलं, हे ना पालकांना ठाऊक, ना तपासणाऱ्यांना. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या हालचालींत फरक आढळला नाही.

मग नॉर्वेतल्या त्या आईवडिलांना सुधारणा का दिसली? ते खोटं बोलत होते का? मुळीच नाही. मूल वाढत असतं, सहा महिन्यांत ते काही ना काही नवं शिकतंच. उपचार सुरू झाला की घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्याच्या पायाकडे जातं, त्याला जास्त खेळवलं जातं, जास्त उभं केलं जातं. आणि ज्यासाठी आपण पैसा, वेळ, रात्रीची झोप दिली, त्यातून काही निघावं अशी मनापासून इच्छा असते. आशा असलेल्या डोळ्यांना आशेचंच दिसतं. यात कमीपणा काहीच नाही, पण म्हणूनच उपचाराची परीक्षा आशेवर सोडून चालत नाही. ‘‘आमच्या शेजारच्यांच्या मुलाला खूप फरक पडला’’ हे वाक्य खरं असूनही पुरावा का ठरत नाही, याचं उत्तर या दोन अभ्यासांत आहे.

आता ज्यांना ‘औषध पखालीला’ खटकलं होतं, त्यांच्यासाठी मेंदूच्या उपचारांकडे येऊ. जर्मनीत गटिंगेन इथे मायकल नित्शे आणि वॉल्टर पॉलस यांनी २००० साली दाखवलं, की डोक्यावर ओलसर पॅड ठेवून अगदी क्षीण, सलग करंट दिला तर मेंदूतल्या हालचालींच्या भागाची उत्तेजित होण्याची क्षमता काही काळ बदलते. एका दिशेने दिला तर वाढते, दुसऱ्या दिशेने दिला तर कमी होते. करंट फक्त एक-दोन मिलिअँपिअर. ‘डोक्याला शॉक’ म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येतो, म्हणून सांगते, मनोविकारांत भूल देऊन जो शॉक देतात त्यात करंट याच्या शेकडो पट असतो. दोन्हींचा काही संबंध नाही. दुसरी पद्धत चुंबकाची. डोक्याजवळ धरलेल्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंदन सोडलं की मेंदूत सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो. अँथनी बार्कर यांनी ती १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये प्रथम दाखवली.

मुलांच्या बाबतीत कल्पना अशी. जन्माच्या सुमारास मेंदूच्या एका अर्ध्या भागाला इजा झाली, तर दुसरा निरोगी अर्धा भाग शिरजोर होतो आणि जखमी भागाला डोकं वर काढू देत नाही. शिरजोर भागाला थोडं शांत करायचं आणि त्याच वेळी कमजोर हाताकडून भरपूर काम करून घ्यायचं. कॅनडातल्या कॅलगरीमध्ये ॲडम किर्टन यांच्या गटाने अशा ४५ मुलांचं शिबिर घेऊन केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. सगळ्या मुलांनी हाताचा भरपूर सराव केला. ज्यांना सरावाच्या जोडीला चुंबकीय उपचार मिळाला, किंवा ज्यांचा चांगला हात बांधून कमजोर हात वापरायला लावला, किंवा ज्यांना दोन्ही मिळालं, त्यांच्यात ठळक सुधारणा होण्याची शक्यता वाढली. त्याच गटाने २०१७ मध्ये क्षीण करंटचा अभ्यास मांडला, २४ मुलांचा. तिथे सराव करणाऱ्या सगळ्यांनाच फायदा झाला. करंट घेणाऱ्या मुलांना आपली स्वतः ठरवलेली कामं जास्त चांगली जमू लागली असं वाटलं, पण हाताच्या प्रत्यक्ष मोजमापात करंटमुळे अधिकचा फरक दिसला नाही. ब्राझीलमध्ये ट्रेडमिलवर चालवताना हाच करंट देऊन चालण्यात सुधारणा झाल्याचे लहान अभ्यास आहेत. म्हणजे चित्र आशादायक आहे, पण अजून अर्धवट आहे.

सगळ्यात नवी चर्चा आहे ती पाठीच्या कण्याची. पाठीवर त्वचेलाच पॅड लावून कण्यातल्या मज्जातंतूंच्या जाळ्याला करंट द्यायचा आणि त्याच वेळी व्यायाम घ्यायचा. अमेरिकेतला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याची बरीच बातमी झाली. १६ मुलं, आठ आठवडे, हालचालींच्या गुणांत सुधारणा. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. करंटने किती फरक पडला आणि व्यायामाने किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. नॉर्वे आणि डेन्मार्कची गोष्ट आठवली की या सोळा मुलांच्या आधारावर आज कुणी ‘आम्ही चालवून दाखवतो’ अशी हमी देत असेल, तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं, हे वेगळं सांगायला नको.

श्रोतेहो, हे सगळं इतक्या तपशिलाने सांगण्याचं कारण काय? कारण या मुलांच्या बाबतीत वेळेला फार किंमत आहे. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात ६५७ मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा करून २००२ मध्ये त्यांच्या हालचालींच्या वाढीचे आलेख काढले गेले. सौम्य बाधा असलेली मुलं साधारण पाच वर्षांची होईपर्यंत आपल्या उठण्या-बसण्या-चालण्याच्या क्षमतेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचतात. तीव्र बाधा असलेली मुलं तर तीन वर्षांच्या आतच. त्यानंतर शिकणं थांबतं असं मुळीच नाही. जेवणं, कपडे घालणं, लिहिणं, खुर्ची चालवणं मुलं पुढेही शिकत राहतात. पण पहिली वर्षं सोन्यासारखी असतात. ती एका खोट्या आशेच्या मागे गेली तर परत मिळत नाहीत.

गावाकडून आलेली एक जोडी मला आठवते. मंगळसूत्र गहाण ठेवून त्यांनी सहा महिन्यांचं ‘पॅकेज’ घेतलं होतं. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. रोज तासभर आडवं करून दोन्ही पायांना करंट, बाकी काही नाही. सहा महिने त्या मुलाच्या खुब्यांचा एक्स-रे कोणी काढला नव्हता. आमच्याकडे आला तेव्हा एक खुबा जागेवरून बराच सरकलेला होता. पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. करंटने खुबा सरकला नाही. पण सगळ्यांचं लक्ष मशीनकडे असताना जे पाहायला हवं होतं ते राहून गेलं.

ही एकट्यादुकट्याची गोष्ट नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे एकतृतीयांश मुलांचे खुबे सरकलेले आढळले. सौम्य बाधेत जवळजवळ नाही, तीव्र बाधेत मात्र दहापैकी नऊ मुलांत. खुबा सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. ठरावीक काळाने एक साधा एक्स-रे काढला तर वेळेत कळतो. हा एक्स-रे कुठल्याही मशीनच्या पॅकेजपेक्षा स्वस्त आहे.

मग नक्की उपयोगी काय? याबाबत आज जगभरातल्या अभ्यासांचा बराच एकमुखी कौल आहे. मुलाला आणि घरच्यांना जे काम खरंच हवं आहे ते ठरवून, त्याच कामाचा, खऱ्या वस्तूंनी, खऱ्या जागी, पुन्हा पुन्हा सराव. शर्टाचं बटण लावायचं असेल तर शर्टाच्या बटणाचाच. पायरी चढायची असेल तर घराच्याच पायरीचा. एका बाजूने बाधित मुलाचा चांगला हात काही काळ बांधून कमजोर हात वापरायला लावणं, दोन्ही हातांनी करायचे खेळ, चालण्याचा सराव, वेळेवर स्प्लिंट किंवा प्लास्टर, गरजेप्रमाणे ताठरपणा कमी करणारी इंजेक्शनं, खुब्यांवर लक्ष. आणि यात मूल स्वतः प्रयत्न करायला हवं. दुसऱ्याने हलवलेले हातपाय मेंदूला फारसं शिकवत नाहीत. तासन् तास केलेल्या मालिशने मूल सुखावतं, मायेचा स्पर्श मिळतो, ते जरूर करावं. पण त्याने मूल चालायला शिकत नाही.

करंटची जागा या सगळ्याच्या जोडीला आहे. ज्या मुलाला पाऊल उचलायला थोडी मदत हवी आहे, ज्याला मूठ उघडण्याचा अंदाज येत नाही, ज्याचा स्नायू बरेच दिवस प्लास्टरमध्ये राहून दुबळा झालाय, अशांना सरावाबरोबर काही आठवडे करंट दिल्याने फायदा होऊ शकतो. तेव्हा मशीन लावायला नकार देऊ नका, पण मशीन म्हणजेच उपचार असंही समजू नका.

कोणी हा उपचार सुचवला तर चार गोष्टी जरूर विचाराव्यात. एक, कोणता स्नायू आणि कशासाठी? ‘नसा मोकळ्या होतील’ हे उत्तर पुरेसं नाही. दोन, याने माझं मूल नेमकं काय करू लागेल, आणि ते आपण कधी व कसं मोजणार? आज किती पावलं आधाराशिवाय टाकतो, ते वहीत लिहा, मोबाइलवर चित्रण करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी ताडून पाहा. तीन, करंटच्या जोडीला सराव कोणता? चार, फरक पडला नाही तर कधी थांबायचं? या प्रश्नांनी चांगला थेरपिस्ट रागावणार नाही, उलट त्याला बरंच वाटेल. आगाऊ सगळे पैसे मागून ‘चालण्याची गॅरंटी’ देणाऱ्याला मात्र नमस्कार करून उठावं.

सुरक्षेबद्दलही थोडं. अंगात पेसमेकर किंवा तसं विजेवर चालणारं उपकरण असेल तर करंट लावू नये. मेंदूतलं पाणी उतरवायची नळी किंवा औषधाचा पंप बसवलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. जखमेवर, चिघळलेल्या त्वचेवर, गळ्याच्या पुढच्या बाजूला पॅड लावू नयेत. त्वचेला जाणीव कमी असेल तर भाजण्याचा धोका असतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण चार मुलांपैकी एकाला फिट येतात. अशा मुलांच्या डोक्यावर करंट किंवा चुंबकाचा उपचार मज्जातज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय करूच नये. आणि घरी बॅटरी व तारा जोडून मुलाच्या डोक्याला करंट देण्याचे प्रयोग तर कोणत्याही परिस्थितीत नकोत.

पैशाच्या बाजूने सांगायचं, तर मदतीचे काही रस्ते आपल्याकडे आहेत, ते अनेकांना ठाऊक नसतात. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून काम करते आहे. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी शाळा आणि उपचार एकत्र आणणारी संस्था उभी केली आणि त्यातून देशभर काम पसरलं. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाला. त्याखाली अंगणवाडी आणि शाळांतून मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा स्वतंत्र उल्लेख आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण मिळतं आणि त्यात नियमित थेरपीचाही समावेश आहे. मंगळसूत्र गहाण ठेवण्याआधी जिल्हा रुग्णालयात एकदा चौकशी करा.

शेवटी, ‘चालेल का?’ या प्रश्नाबद्दल. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपैकी साधारण दोनतृतीयांश मुलं, आधाराने का होईना, चालतात. एकतृतीयांश चालत नाहीत. कोणतं मूल कुठल्या गटात जाईल, हे पाच पातळ्यांच्या एका वर्गीकरणाने दोन वर्षांच्या वयानंतर बऱ्यापैकी सांगता येतं. आपल्या डॉक्टरांना किंवा थेरपिस्टला ते विचारा. उत्तर मनासारखं नसेल, तरी विचारा. जे मूल चालणार नाही, त्याला योग्य वयात चांगली खुर्ची मिळाली तर ते शाळेत जाईल, मैदानाच्या कडेला बसून पंचगिरी करेल, भांडेल, मित्र जोडेल. वर्षानुवर्षं फक्त चालण्याची वाट पाहत त्याला घरात ठेवलं, तर या सगळ्याला ते मुकेल.

विजेच्या उपचाराचं संशोधन चालू आहे आणि चालू राहायलाच हवं. येत्या काही वर्षांत आणखी मोठ्या, काटेकोर अभ्यासांचे निष्कर्ष येतील, तेव्हा आज मी ‘पाहावं लागेल’ म्हटलेल्या काही गोष्टी ‘हो’मध्ये जातील, काही ‘नाही’मध्ये. तोवर मुलाला रोज जमिनीवर सोडा, हाताच्या थोडं पलीकडे खेळणं ठेवा, त्याला ते स्वतः घेऊ द्या. वेळ लागेल, पण लागू द्या.